डोंगरातला निरोप

देवळाली कॅम्पातील मुलांना तोफेच्या आवाजाचे भय वाटत नाही. लष्कराचे तोफखाना-विद्यालय या गावी आहे. सरावाचे दिवस असले, की माळावरून गडगडाट ऐकू येतो, खिडक्यांची तावदाने थरथरतात, आणि वर्गात नव्यानेच आलेला एखादा मुलगा दचकला, तर बाकीचे त्याला हसतात. ज्यांचे वडील तोफखान्यात असतात, त्या मुलांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. आपला गोळा कोठे पडला, हे तोफ डागणाऱ्याला पुष्कळदा दिसतच नाही. ते दिसते पुढे टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेल्या निरीक्षकाला. तो बिनतारी यंत्रावरून जे कळवील, त्यावर पुढच्या गोळ्याची दिशा ठरते. तो निरोप चुकला, तर तोफ कितीही मोठी असली तरी तिचा उपयोग काय?

याच गावातील मुले सुट्टीच्या दिवशी वडीलधाऱ्यांसमवेत डोंगर चढावयास जातात. जवळची पांडवलेणी तर झालीच. त्यापुढे अंजनेरी, त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, खडकात कोरलेल्या उभ्या जिन्याचा हरिहर, आणि दक्षिणेकडे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर. नाशिक जिल्ह्यात व त्याच्या शेजारी किल्ल्यांची अशी दाटी आहे, की एका जन्मात सगळे पाहून होतील की नाही, अशी शंका यावी. निघताना आई विचारते, "कुठे चाललात? परत कधी याल?" उत्तर मिळते, "येतो संध्याकाळपर्यंत." दुसऱ्या प्रश्नाचे हे अर्धेमुर्धे उत्तर होय, पहिल्या प्रश्नाचे उत्तर तर दाराबाहेर पडेपर्यंत हवेतच विरलेले असते.

अलीकडे परदेशातील गिर्यारोहकांच्या खांद्यावर, पिशवीच्या पट्ट्याला अडकवलेले, मुठीत मावेल एवढे एक यंत्र दिसते. त्याला सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रह-संदेशयंत्र, असे म्हणतात. ज्या रानात मोबाइल मुका होतो तेथूनही या यंत्राने निरोप धाडता येतो, हे कळल्यावर आपल्याकडील पालकांनाही ते हवेसे वाटू लागले, तर त्यात नवल नाही. परंतु असे यंत्र पिशवीला लटकवले, की मूल डोंगरात सुरक्षित झाले काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

प्रथम यंत्राची रीत पाहावी. मोबाइल बोलतो तो जवळच्या टॉवरशी. डोंगराचा एक खांदा मध्ये आला, की टॉवर आड होतो आणि बोलणे खुंटते. संदेशयंत्राचा टॉवर जणू आकाशातच असतो. इरिडियम नावाच्या उपग्रहमालिकेतील ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून, ध्रुवाकडून ध्रुवाकडे, पृथ्वीभोवती अखंड फिरत असतात. एक क्षितिजाखाली गेला, तोवर दुसरा वर आलेला असतो. हाती असलेले यंत्र आधी दिशादर्शक उपग्रहांच्या लहरी ऐकते. अशा किमान चार उपग्रहांच्या लहरी मिळाल्या, म्हणजे आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत याचे गणित त्याला मांडता येते. मग तो ठावठिकाणा आणि दोनचार ओळींचा मजकूर ते वरच्या उपग्रहाकडे पाठवते, आणि उपग्रह तो पुन्हा जमिनीवर उतरवतो. ढगांचा अडथळा या लहरींना फारसा होत नाही. कड्यांचा आणि दाट, ओल्या झाडीचा मात्र होतो. अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. दोन्ही बाजूंस काळ्या कातळाच्या भिंती, आणि डोक्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी. अशा जागी हे यंत्रही मोबाइलप्रमाणेच गप्प बसण्याचा संभव असतो. कारण त्या पट्टीतून एखादा उपग्रह सरकेपर्यंत निरोप खोळंबून राहतो. यंत्राला आकाश दिसले पाहिजे, हा त्याचा पहिला नियम होय. तेव्हा ते पिशवीच्या तळाशी डब्याखाली ठेवणारा मनुष्य ते घरी विसरून आलेल्या मनुष्याहून फारसा शहाणा नव्हे.

उपग्रहाच्या साहाय्याने संकटातील माणसांचा शोध लावण्याची ही कल्पना चाळीस वर्षांहून जुनी आहे. १९७९ साली कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या चार देशांनी त्यासाठी करार केला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ त्या काळी एकमेकांकडे डोळे वटारून बसलेले होते. तरीही बुडणाऱ्या जहाजाची आणि कोसळलेल्या विमानाची हाक ऐकण्यापुरते ते एकत्र आले. ३० जून १९८२ रोजी यातील पहिला उपग्रह सोव्हिएत संघाने सोडला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडाच्या रानात कोसळलेल्या एका लहान विमानातील तीन माणसांचा ठाव त्याने लावून दिला. पुढे अनेक देश या कार्यात सामील झाले. भारतही त्यात आहे. आपले केंद्र बंगळूर येथे आहे.

इतके वाचल्यावर कोणासही वाटेल, की मग आजच एक यंत्र विकत आणावे. परंतु येथे कायदा आडवा येतो, आणि तो यावा यास कारण आहे. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून उपग्रह-फोन किंवा असे संदेशयंत्र बाळगणे हा गुन्हा आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी समुद्रमार्गे आले, तेव्हा त्यांच्याजवळ उपग्रह-फोन होता. ज्या यंत्राचे बोलणे देशातील कोणत्याही टॉवरवरून जात नाही, त्यावर राज्यकर्त्यांची करडी नजर असणे स्वाभाविकच आहे. तथापि ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी स्त्रीजवळ असे संदेशयंत्र सापडले आणि तिला ताब्यात घेण्यात आले. तिच्या देशात ते दुकानात सहज विकत मिळते. परदेशातून येणाऱ्या एखाद्या काकांनी किंवा मामांनी प्रेमाने असे यंत्र भेट म्हणून आणावे, आणि भाच्याच्या हाती पडण्यापूर्वीच पोलिसांच्या हाती पडावे, असा प्रसंग आजही येऊ शकतो. म्हणून यंत्र कोणते निवडावे या प्रश्नाच्या आधी ते बाळगण्याची मुभा आहे काय, हा प्रश्न येतो. आणि डोंगर चढणाऱ्या सामान्य माणसापुरते त्याचे उत्तर 'परवानगीवाचून नाही' असेच आहे.

येथेच एक विचार सुचतो, आणि तो मांडावयास हरकत नसावी. समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमाराला आपल्या देशाने असे यंत्र दिलेले आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, मच्छीमार नौकांसाठी संकटाची सूचना देणारे एक यंत्र तयार केले, आणि ते २०१० पासून वापरात आले. होडी संकटात सापडली, की नाखव्याने बटण दाबावे; सूचना उपग्रहामार्फत बंगळूरच्या केंद्रात पोहोचते आणि तेथून तटरक्षक दलाकडे जाते. प्रारंभीच्या यंत्रात एक उणीव होती. हाक जात होती, पण ती कोणी ऐकली की नाही, हे होडीवरच्या माणसाला कळत नव्हते. काळोखात, उसळत्या पाण्यात, बटण दाबून वाट पाहत बसणे किती कठीण, याची कल्पनाच करावी. इस्रोने २०२४ च्या जानेवारीत या यंत्राची दुसरी पिढी आणली. तीत उलट निरोप येतो : तुमची हाक पोहोचली आहे. बुडत्याला या चार शब्दांनी जो धीर येत असेल, त्याचे मोल कोणत्या तराजूत करावे?

मग समुद्रावरच्या कोळ्याला जे मिळाले, ते कळसूबाईच्या पायथ्याच्या महादेव कोळ्याला का मिळू नये? प्रत्येक हौशी प्रवाशाच्या पिशवीत असे यंत्र असावे, असे म्हणण्याचे कारण नाही; तसे झाल्यास कायद्याचा हेतू फसेल आणि खोट्या हाकांचा सुळसुळाट होईल. परंतु ज्या गडांवर दर पावसाळ्यात शेकडो लोक चढतात, त्या गडांच्या पायथ्याच्या ग्रामपंचायतीत आणि डोंगरातून जखमींना उचलून आणणाऱ्या मंडळींजवळ, सरकारी नोंदीत असलेले, देशी बनावटीचे एकेक यंत्र ठेवावयास काय हरकत आहे? यंत्र आपले, उपग्रह आपला, हाक ऐकणारे केंद्रही आपले. मग भय कशाचे? समुद्रासाठी जे साधले, ते सह्याद्रीसाठी साधणे अशक्य नसावे. आज वर्गात बसलेली मुले उद्या अभियंते होतील, तहसीलदार होतील. त्यांच्यापैकी कोणी हे काम अंगावर घेतले, तर फार बरे होईल.

असे यंत्र उद्या हाती आले, तर ते निवडताना काय पाहावे? पहिली गोष्ट मच्छीमारांच्या उदाहरणानेच शिकवली आहे : ज्यावर उलट उत्तर येते, ते यंत्र चांगले. एकाच बाजूने हाक मारणारी यंत्रेही असतात. त्यांना दरमहा पैसे भरावे लागत नाहीत, त्यांची बॅटरी काही वर्षे टिकून राहते, आणि एकदा चालू केली की किमान एक दिवसभर ती हाक देत राहतात. त्यांचा उपयोग थोडा नव्हे. तरीही पाय मोडला आहे की साप चावला आहे, दोर लागेल की डोली लागेल, हे त्यांना सांगता येत नाही. आणि डोंगरात चार तासांची चढण चढून आल्यावर दोर खाली राहिला असे कळणे, यासारखी दुसरी आपत्ती नाही. दुसरे म्हणजे, जे यंत्र घरी, अंगणात उभे राहून वापरून पाहिलेले नाही, ते डोंगरावर प्रथमच हाती घेऊ नये. निरोप जाण्यास किती वेळ लागतो, घरच्या फोनवर तो कसा दिसतो, हे आधी पाहिलेले असावे; नाहीतर आईला अनोळखी क्रमांकावरून आलेला निरोप फसवणुकीचा वाटून ती तो पुसून टाकावयाची. बाकी वजन, रंग, किंमत या गोष्टी दुकानदार सांगेलच.

संकटाचे बटण बहुधा एका झाकणाखाली असते. ते झाकण उगाच नाही. लांडगा आला, लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पाय दुखतात म्हणून, तहान लागली म्हणून, काळोख पडला म्हणून ते झाकण उघडणाऱ्याने आपल्या मदतीस येणाऱ्या माणसांचा विचार केलेला नसतो. पावसात, निसरड्या कातळावरून, रात्री विजेरीच्या उजेडात चढून येणाऱ्यालाही घर असते. आणि बटण एकदा दाबले, की मग जागा सोडू नये. हाक एका ठिकाणाहून गेली आणि मनुष्य भीतीपोटी दुसऱ्याच वाटेला लागला, असे झाल्यास येणारी मंडळी रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत राहतात.

येणारी मंडळी कोण, हाही विचार करण्यासारखा विषय आहे. परदेशी बनावटीच्या एका नावाजलेल्या संदेशयंत्राची संकटाची हाक प्रथम अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका केंद्रात जाते. तेथील माणसे दक्ष असतात यात शंका नाही. पण हरिहरच्या पायथ्याचा निरगुडपाडा कोठे आहे, पावसाळ्यात कोणता ओढा ओलांडता येत नाही, हे त्यांनी कसे जाणावे? त्यांना अखेर ज्या देशातून हाक आली, तेथील अधिकाऱ्यांनाच कळवावे लागते. सह्याद्रीत जखमी माणसाला खाली आणतात ते गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक आणि पायथ्याच्या वाडीतील लोक. महाराष्ट्रातील अशा संस्थांनी एकत्र येऊन बचावकार्यासाठी एक समन्वय केंद्रही उभारले आहे. हाक कोठूनही येवो, डोली शेवटी माणसांच्याच खांद्यावर येते. वाडीतील म्हाताऱ्याला रानातील प्रत्येक वाट ठाऊक असते. परंतु सकाळी त्याच्या घरावरून चार मुले हसत-खिदळत गेली आणि कोणी त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही, तर संध्याकाळी ती परतली नाहीत हे त्याला कळावे कसे?

म्हणजे यंत्र म्हणजे निरोपाची वाट झाली, निरोप नव्हे. निरोपाला आणखी दोन गोष्टी लागतात : वाट पाहणारा कोणीतरी, आणि आधी ठरलेला अर्थ. इ. स. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा घोडखिंडीत शत्रूला अडवून बाजीप्रभू उभे राहिले. महाराज गडावर पोहोचले, की तोफांचे आवाज होतील, असे ठरले होते, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मूल ऐकत आले आहे. तोफेला शब्द नसतात. पण खिंडीतील कान त्या आवाजाकडे लागलेले होते आणि त्याचा अर्थ आधी ठरलेला होता, म्हणून तेवढा आवाज पुरला. १९५३ साली एडमंड हिलरी व तेनसिंग नोर्गे २९ मे रोजी एव्हरेस्टवर पोहोचले, ती बातमीही अशीच गेली. मोहिमेबरोबर असलेल्या बातमीदाराने हरकाऱ्याच्या हाती सांकेतिक मजकूर देऊन त्याला नामचे बाजारला धावत पाठवले. तेथून तो बिनतारी यंत्रावरून पुढे गेला. वरवर वाचणाऱ्याला त्यात बर्फाची स्थिती वाईट असल्याचे दिसत होते. लंडनमध्ये ज्यांच्यासाठी तो होता, त्यांनी त्यातून शिखर सर झाल्याचे ओळखले.

आजही हीच रीत उपयोगी आहे. डोंगरात अडकलेल्याने एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवावी, मग मिनिटभर थांबावे, आणि पुन्हा सहा वेळा वाजवावी, हा संकेत जगभरच्या गिर्यारोहकांनी मानलेला आहे. ऐकणारा मिनिटात तीन शिट्या वाजवून उत्तर देतो. रात्री हेच विजेरीच्या उघडझापीने करता येते. शिटीला बॅटरी लागत नाही, परवाना लागत नाही, आणि ती सांदण दरीतही वाजते. मोबाइलची लहर क्षीण असेल, तर बोलण्याचा प्रयत्न सोडून लिखित संदेश धाडावा. जेथे आवाज पोहोचत नाही, तेथूनही तो कधी कधी निसटून जातो. आणि ११२ हा क्रमांक आपल्या कंपनीची लहर नसतानाही, दुसऱ्या एखाद्या कंपनीची असल्यास, लागू शकतो.

देवळालीच्या मुलांना तर याबाबतीत घराजवळच एक धडा आहे. पश्चिमेकडचा बहुला किल्ला लष्कराच्या सरावाच्या टापूत येतो. तेथे विचारल्यावाचून पाऊल टाकू नये, हे गावातील लहान पोरासही माहीत असते. कारण तोफेपाशी उभ्या असलेल्या जवानाला डोंगराआड कोण चढते आहे, हे दिसत नाही. दुसऱ्या डोंगरांवर तोफा नसतात, म्हणून तेथे कोणाला न सांगता जावे, असे मात्र नाही.

कॅम्पातील एखाद्या घरी भिंतीवरच्या घड्याळाखाली चिठ्ठी टाचलेली दिसावी. तिच्यात असे काही असावे : 'रविवारी सकाळी सहाला निघालो. काकांसह पाच जण. निरगुडपाड्याच्या बाजूने हरिहर; उतरणेही त्याच वाटेने. चारच्या सुमारास खाली येऊन फोन करू. सहापर्यंत फोन आला नाही, तर पायथ्याशी ज्यांच्या घरी सांगून जाणार आहोत, त्यांना विचारावे. त्यांचा क्रमांक खाली लिहिला आहे. त्यांनाही काही ठाऊक नसेल, तर ११२ ला कळवावे.' इतके लिहावयास पाच मिनिटे लागतात. दुपारी घड्याळात चार वाजतात, आई स्वयंपाकघरातून एकदा डोकावून जाते. सव्वाचारला फोन वाजतो, आणि ती चिठ्ठी काढून, घडी करून, पुढच्या रविवारसाठी फडताळात ठेवून देते.